पांढरी चार

ऑगस्टच्या मीटिंगमध्ये मी नाही म्हणालो होतो.
भुसावळचं रेल्वे ग्राउंड, चाळीस फुटी स्टेज,
डिसेंबरातली शेवटची रात्र,
अन् ती पुन्हा 'लोकोशेड'लाच?
भंगाळे अण्णांना एकाहत्तरावं लागलंय, म्हटलं,
कुणीतरी सांगायला हवं.
विरोधात हात वर झाले चार. त्यातला एक माझा.
बाकीचे सात खाली, चहाच्या कपांवर.

नंतर केबल मीच अंथरल्या.
बेचाळीस वर्षं मीच अंथरतोय.

गर्दीला ठाऊक नसतं ते साउंडवाल्याला ठाऊक असतं.
गाणी होती काळी चारची,
आता पांढरी चार. तीन पट्ट्या खाली.
केसांचंही तेच झालं, त्यावर अण्णा स्वतःच हसतात.
मेल्विनच्या स्टुलावर मणक्यासाठी फोमची गादी.
रुबाब तडवीनं बेसचा पट्टा रुंद करून घेतलाय
दप्तरं शिवणाऱ्याकडून,
पेसमेकरवर रुतू नये म्हणून.
आणि तिसऱ्या गाण्यातला तो उंच सूर
माझ्या लॅपटॉपमध्ये आहे.
एकोणीसशे शहाऐंशीचा. कॅसेटवरून उतरवलेला, घासूनपुसून.
अण्णा म्हणाले होते, आवाज फुटला की सोड.

दुपारी चारला सावद्याची पोरं वाजवून गेली.
ड्रमवर ऋग्वेदा फिरके, बी.एस्सी. दुसरं वर्ष,
डोळ्यांत थेट ऊन,
समोर कव्हर घातलेल्या सहाशे रिकाम्या खुर्च्या,
पाणीपुरीवाला मडकं भरत होता,
तोही पाठमोरा.
मी मिक्सरवरचे हात काढून मांडीवर ठेवले.
नीट करण्यासारखं काही नव्हतंच.
बाविसाव्या मिनिटाला निवेदकानं माइक घेतला:
देणगीदारांचा सत्कार.

रात्री मफलर, कानटोप्या, रिटायर्ड गार्ड, त्यांच्या सुना,
दीपनगरहून आलेल्या तीन बसगाड्या.
यांना गाणं ऐकायचं नसतं.
गाणं अजून आहे का, एवढंच बघायचं असतं.
गावी गेल्यावर आपण विहिरीत डोकावतो तसं.
तहान लागलेली नसते.

पहिलं गाणं गेलं. दुसऱ्यात मेल्विन अर्धा ठोका मागे,
रुबाबनं बेस हळूच मागे ओढून
त्याला सोबत घेतलं.
हे फक्त म्हाताऱ्यांना जमतं, हेही मला ठाऊक आहे.
मीटिंगमध्ये बोललो नव्हतो.

तिसऱ्यात आवाज फुटला.
मी बटण दाबलं.

शहाऐंशीचा अण्णा सुटला दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून,
थेट पाण्याच्या टाकीपर्यंत.
आणि एकाहत्तरच्या अण्णांनी
ओठ हलवायला हवे होते. ठरलं तसंच होतं.
त्यांनी तोंड मिटलं.
माइकपासून दोन पावलं मागे आले,
हात मागे बांधले,
अन् उभे राहिले ऐकत,
प्लॅटफॉर्मवर आपली नसलेली गाडी जाऊ देतात तसे.
सगळ्यांना दिसलं. स्क्रीन वीस फुटांचा होता.
टाळ्या वाढल्या.

कन्सोलपाशी ऋग्वेदा उभी होती, काड्या अजून हातात.
"काका, हा आवाज कोनाचा?"
"त्यांचाच."
"मग ते काय करू राह्यले?"

मी आवाज थोडा कमी केला.
थोडा वाढवला.

एक वाजता स्टेजमागे पऱ्हाट्यांवर वांगी भाजली,
हिरवी मिरची, कांद्याची पात,
केळीच्या पानावर भरीत.
अण्णांनी कवळी काढून खिशात टाकली.
चिवडत, बराच वेळ खात राहिले.
मग माझ्याकडे न बघता:
"मीटिंगमधी तूबी हात वर केला व्हता ना रे?"
घास तसाच राहिला माझा.
"बरं केलं.
पुढल्या सालीबी करजो.
पन केबल तूच टाकजो, त्या नव्या पोऱ्याले जमत नाही."

पलीकडे ती पोरगी आपले ड्रम टेम्पोत चढवत होती.
एकटीच.
मेल्विन उठला, कमरेवर हात ठेवून,
तिला म्हणाला, थांब, हा मोठा मी धरतो,
आणि त्याला तो उचलला नाही.
मग दोघांनी धरला.